कूलरमधले शिळे पाणी

गुढीपाडवा उलटला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एक काम निघते. माळ्यावर नाही तर गच्चीवर टाकलेला कूलर खाली येतो, त्याची धूळ झटकली जाते आणि चौकातल्या दुकानांपुढे वुडवूलच्या ताट्यांचे ढीग लागतात. अशातच एका वाचकाचे पत्र आले आहे. ते लिहितात, "आमच्या तीन खोल्या एकापाठोपाठ एक आहेत. साऱ्या घराला पुरेल असा एकच मोठा कूलर घ्यावा की खोलीगणिक लहान? कोणता घ्यावा? घरात म्हातारी आई आहे आणि नातवाचा घोळणा उन्हाळ्यात वारंवार फुटतो."

दुकानदाराला विचारायचा प्रश्न डॉक्टरला का विचारला, असे प्रथम वाटले. नंतर वाटले की प्रश्न योग्य ठिकाणीच आला आहे. कूलर थंडावा देतो की नाही हे दुकानदार सांगेलच. तो आजार देईल की नाही, हे मात्र घेताना कोणी विचारत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कूलरच्या विरुद्ध नाही. पारा ४५ अंशांवर गेल्यावर नुसता पंखा आपल्या अंगावर भट्टीची हवा ढकलतो. अशा वेळी वृद्ध, तान्ही मुले, हृदयविकार किंवा मधुमेह असलेली माणसे यांना उष्माघातापासून वाचवणारे स्वस्त साधन म्हणजे कूलरच. शिवाय आपली मे महिन्यातली दुपारची हवा इतकी कोरडी असते की नाकाच्या आतली त्वचा तडकते, घसा खरवडल्यासारखा होतो, ओठ फुटतात. हवेत थोडा ओलावा आला की हे त्रास कमी होतात. तेव्हा पत्रातल्या आजीला आणि नातवाला, दोघांनाही कूलरचा उपयोगच होईल.

पण तो कसा चालतो हे समजून घ्यावे. रांजणातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती हवेतून काढून घेतली जाते. हवा कोरडी असेल तरच वाफ होणार. बाहेर ४३ अंश तापमान आणि १५ ते २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २८ अंशांच्या आसपास हवा देऊ शकतो. जुलैत बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम दोन अंशांचा फरक पाडतो आणि बदल्यात खोली दमट करतो. मुंबई-कोकणातले पाहुणे आपल्या कूलरचे कौतुक करतात आणि घरी जाऊन तसाच घेतला की पस्तावतात, त्याचे कारण हेच.

यावरूनच पुढची गोष्ट कळते. कूलरने आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. पुष्कळ घरांत दारे-खिडक्या घट्ट लावून, खोलीच्या मध्यभागी प्लास्टिकचा कूलर ठेवून माणसे झोपतात. तासाभरात तीच ती ओली हवा फिरू लागते, अंगावरचा घाम वाळत नाही, भिंतींना कुबट वास येतो आणि सकाळी छाती भरल्यासारखी वाटते. दमेकऱ्यांनी तर हे अजिबात करू नये. दमट खोलीत बुरशी आणि गादीतले सूक्ष्म किडे फोफावतात आणि दमा उचल खातो. कूलर खिडकीला बाहेरच्या अंगाने लावावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल.

आता तीन खोल्यांचा हिशेब. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याचे निम्मे करा. तितके घनफूट हवा दर मिनिटाला मिळाली की पुरते. दहा बाय बारा आणि उंची दहा, अशी खोली १२०० घनफुटांची, म्हणजे तिला ६०० हवेत. खोक्यावर ताशी घनमीटर लिहिलेले असतात. ६०० घनफूट म्हणजे ताशी साधारण हजार घनमीटर. खोक्यावरचे आकडे फुगवलेले असू शकतात, म्हणून थोडे जास्तीचे घ्यावे. तुमच्या तीन खोल्या एका ओळीत आहेत, तेव्हा पुढच्या खिडकीत एक मोठा कूलर आणि शेवटच्या खोलीच्या खिडकीचे एक तावदान उघडे, ही रचना चालेल. हवा तिन्ही खोल्यांतून वाहत जाईल. माझे मत एकाच कूलरकडे झुकते ते मात्र दुसऱ्या कारणाने. तीन कूलर म्हणजे घासायच्या तीन टाक्या, आणि तीन टाक्या कोणी घासत नाही.

कूलर घेताना आपण त्याच्या वाऱ्यापुढे उभे राहतो. त्याऐवजी खाली वाकून टाकी बघावी. तळाशी पाणी काढायचे बूच आहे का? ते अगदी तळाला आहे, की दोन बोटे वर आहे आणि तेवढे पाणी कायमचे राहणार? टाकीच्या चारही कोपऱ्यांत हात पोचतो का? ताट्या सहज काढता येतात का, की प्रत्येक वेळी पेचकस शोधावा लागेल? ज्याची टाकी धुणे कठीण, तो कूलर कितीही देखणा असो, घेऊ नये. आपल्याकडचे पत्र्याचे कूलर दिसायला ओबडधोबड असतात, पण त्यांच्यात हात घालता येतो.

ताट्यांबद्दल थोडक्यात. वाळ्याचा वास सुरेख, पण तो लवकर कुजतो. वुडवूल स्वस्त आहे, दर वर्षी बदलावे. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या ताट्या काही वर्षे टिकतात, पण आपल्या बोअरच्या जड पाण्याने त्यांची भोके क्षाराने बुजतात. वाफ पाण्याचीच होते, क्षार मागे राहतात. रोज तीस लिटर नवे पाणी ओतून आठवडाभर टाकी रिकामी केली नाही, तर दोनशे दहा लिटर पाण्याचे क्षार त्या एका टाकीत साठतात. पांढरा थर, कमी होत गेलेला गारवा आणि अडकलेला पंप हे सारे त्यातून येते. गेल्या वर्षीच्या काळपट पडलेल्या ताट्या "अजून एक उन्हाळा चालतील" म्हणून वापरणाऱ्यांना एवढेच सांगतो, की त्या काळपटपणात बुरशी असते आणि पंखा ती थेट तुमच्या उशीवर आणून टाकतो. कूलर सुरू केल्यापासून संध्याकाळी कोरडा खोकला, कसकस आणि धाप लागत असेल, तर खोकल्याच्या बाटल्या पिण्याआधी ताट्या बघाव्यात आणि डॉक्टरांना कूलरविषयी आवर्जून सांगावे.

आता डासांकडे येतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी काढा असे सांगतात ते या हिशेबाने. पण नुसते पाणी काढून भागत नाही, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते. ही मादी अंडी पाण्यावर नाही, पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या ओल्या भिंतीवर चिकटवते. टाकी कोरडी झाली तरी ती अंडी अनेक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून टाकीच्या कडा ताठ ब्रशने किंवा काथ्याने खसखसून घासायच्या, मग टाकी उन्हात वाळू द्यायची. काढलेले पाणी नालीत ओतू नये, कोरड्या मातीवर ओतावे. नालीच्या साचलेल्या पाण्यात अळ्यांना वाढायला आणखी थोडे दिवस मिळतील, मातीवर त्या मरतात.

हे मी मोठ्या तोऱ्याने सांगतो आहे, पण माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, पोळ्याच्या सुमारास, गावात तापाची साथ होती. मी आलेल्या प्रत्येकाला घरातले पाणी तपासा म्हणून बजावत होतो. एके दिवशी फवारणी विभागाचा एक कर्मचारी आला. रोग्यांच्या बसण्याच्या खोलीतल्या कूलरचे बाजूचे दार त्याने उघडले, आत टॉर्च मारला आणि मला बोलावले. जूनपासून बंद असलेल्या त्या कूलरच्या तळाशी चार बोटे पावसाचे पाणी होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. बाकावर तापाचे पाच-सहा रोगी बसलेले होते. तो माणूस काही बोलला नाही, त्याने टाकी उलटी केली आणि वहीत माझे नाव लिहून घेतले.

तेव्हापासून मी कूलरकडे वेगळ्या नजरेने बघतो. मे महिन्यात आपण त्यात रोज पाणी ओततो, डोकावतो, त्याची आठवण ठेवतो. पहिला पाऊस पडला की गार वाटते, बटण बंद होते आणि तो खिडकीत तसाच लटकत राहतो. त्याच्या तळाचे पाणी कोणाच्याच ध्यानात नसते. पावसाची भर पडते. डेंग्यूचे रोगी आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्याच्या मागून वाढतात, आणि नेमक्या त्या महिन्यांत घरातला कूलर विसरलेला असतो. चालू कूलरपेक्षा बंद कूलर जास्त धोक्याचा, असे माझे मत आहे. मृग लागला आणि दोन चांगले पाऊस झाले की कूलर खिडकीतून काढावा. पाणी काढून, घासून, वाळवून, ताट्या वेगळ्या करून छपराखाली उलटा ठेवावा. काढणे शक्यच नसेल, तर बूच उघडे ठेवावे आणि वर ताडपत्री ताणून बांधावी. सैल ताडपत्रीच्या खळग्यातही पाणी साचते.

इथे नगरपालिकेला दोन शब्द. दर उन्हाळ्यात "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा" अशी गाडी फिरते. सल्ला योग्यच आहे. परंतु ज्या वस्तीत नळ आठ दिवसांनी येतो, तिथली बाई तीस लिटर पाणी मातीत कसे ओतील? २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय सोसले, ते आपण पाहिले आहे. कोरडा दिवस सांगणाऱ्याने नळ कोणत्या दिवशी येतो ते आधी बघावे आणि तोच दिवस टाकी धुण्यासाठी जाहीर करावा. नागरिकांनीही एक युक्ती करावी. धुण्याच्या आदल्या दिवशी टाकीत नवे पाणी टाकू नये, कूलर आहे ते पाणी पिऊन टाकतो. उरलेले तांब्या-दोन तांबे फेकायला जीव तुटत नाही.

टाकीला वास येतो म्हणून पाण्यात फिनाइल, जंतुनाशक किंवा अत्तर टाकणारेही आहेत. असे करू नका. दक्षिण कोरियात हिवाळ्यात घरातली हवा ओलसर ठेवण्यासाठी छोटी यंत्रे वापरतात. त्यांच्या पाण्यात घालायची जंतुनाशके १९९४ पासून तिथल्या बाजारात आली होती आणि लोक ती काळजीपोटीच, मुलांच्या भल्यासाठी घेत. २०११ मध्ये बाळंतिणी आणि लहान मुले फुप्फुसे निकामी होऊन दगावू लागली तेव्हा तपास झाला आणि दोष त्या औषधाचा निघाला. पोटात गेले तर फारसे न बाधणारे रसायन तुषारांवाटे श्वासात गेले होते. आपला कूलर तसे तुषार फवारत नाही, तरी उग्र द्रव्यांची वाफ पंखा खोलीत आणतोच. ब्लीचिंग पावडर वापरायचीच तर कूलर बंद असताना, टाकी घासण्यासाठी, आणि नंतर दोन पाण्यांनी धुऊन. क्षारांना लिंबू किंवा व्हिनेगर पुरते. रॉकेल ओतण्याचा जुना सल्लाही चालू कूलरला लागू नाही.

विजेबद्दल न लिहिले तर हा लेख अपुरा राहील. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप आणि समोर ओली फरशी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणी ना कोणी गेल्याची बातमी याच वर्तमानपत्रात येते आणि त्यात पाणी भरणारी बाई किंवा खेळणारे मूल असते. टाकीत हात घालण्यापूर्वी नुसते बटण बंद करून थांबू नका, प्लग उपसून काढा. थ्री-पिन प्लग आणि खरोखर जमिनीपर्यंत गेलेले अर्थिंग पाहिजे; तिसरी पिन मोडून टाकलेला प्लग मी कित्येक घरांत पाहिला आहे. पंपाच्या वायरीला चिकटपट्टीचा जोड असेल तर वायर बदला. घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्या, ताट्यांपेक्षा तो खर्च आधी करा. कोणी चिकटलेच तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा.

माझ्या दवाखान्यातला कूलर आता मृगातच खाली उतरतो. गेल्या पावसाळ्यात तोच कर्मचारी पुन्हा आला. मी त्याला मागच्या पडवीत नेऊन उलटा ठेवलेला कोरडा ठणठणीत कूलर दाखवला. त्याने मान हलवली, पाणी मागितले आणि औषधांच्या फ्रिजकडे पाहून विचारले, "डॉक्टरसाहेब, याच्या मागच्या भांड्यात पाणी ठिबकते ना, ते कधी काढले होते?"

ते काढायचे राहूनच गेले होते.