साक्ष एकाची, जीभ दुसऱ्याची

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे जुनी माणसे सांगत. पण ज्याला ती चढावीच लागते आणि वर गेल्यावर तिथली भाषाच ज्याला कळत नाही, त्याने काय करावे? अमेरिकेत हा प्रश्न फार मोठ्या जनसमूहाचा आहे. मेक्सिको, ग्वाटेमाला, क्यूबा, प्युर्टो रिको येथून आलेले शेतमजूर, हॉटेलात भांडी घासणारे, घरकाम करणाऱ्या बायका यांच्यापैकी अनेकांना फक्त स्पॅनिश येते आणि न्यायालयाचा कारभार चालतो इंग्रजीत. या दोहोंच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या दुभाष्याच्या कामाची माहिती आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

दुभाष्या मिळण्याचा हक्क तिथेही कोणी आपणहून हातावर ठेवला नाही. १९६७ साली न्यूयॉर्क राज्यातील सफोक काउंटीत नेग्रोन नावाच्या तरुण मजुरावर खुनाचा खटला चालला. तो प्युर्टो रिकोचा, शिक्षण सहावीपर्यंत, इंग्रजीचा गंध नाही. त्याच्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. सरकार पक्षाचे चौदा साक्षीदार होते, पैकी बारा इंग्रजीत बोलले. ते बोलत असताना नेग्रोनला कोणी एक शब्दही समजावून दिला नाही. सरकार पक्षाने आणलेल्या दुभाषी बाईंनी मधल्या सुट्टीत दोन वेळा, दहा-वीस मिनिटे, थोडक्यात सार सांगितले एवढेच. त्याची स्वतःची साक्ष मात्र इंग्रजीत करून घेण्यात आली. म्हणजे कोर्टाला त्याचे कळावे याची सोय होती, त्याला कोर्टाचे कळावे याची नव्हती!

पुढे १९७० साली वरिष्ठ न्यायालयाने नेग्रोनच्या बाजूने निर्णय दिला. आरोपी नुसता देहाने हजर असून भागत नाही, आपल्यावर काय आरोप होतो आहे हे त्याला समजले पाहिजे आणि गरज असेल तर दुभाष्या देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्या निर्णयाचे तात्पर्य. १९७८ साली, जिमी कार्टर अध्यक्ष असताना, तिथल्या केंद्रीय न्यायालयांसाठी दुभाष्यांचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९८० पासून स्पॅनिश-इंग्रजी दुभाष्यांची परीक्षा सुरू झाली. आधी लेखी, मग तोंडी. ही तोंडी परीक्षा फार कठीण समजली जाते. घरी दोन्ही भाषा बोलत वाढलेली हुशार मुलेही तिच्यात नापास होतात, कारण भाषा येणे वेगळे आणि दुभाष्याचे काम येणे वेगळे.

हे काम तीन तऱ्हांनी चालते. वकील-न्यायाधीश बोलत असताना त्यांच्या मागोमाग आरोपीच्या कानात हळू आवाजात भाषांतर करीत राहायचे, ही पहिली. साक्षीदार बोलून थांबला की त्याचे म्हणणे मोठ्याने इंग्रजीत सांगायचे, ही दुसरी. हातात दिलेला कागद पाहत पाहत दुसऱ्या भाषेत वाचून दाखवायचा, ही तिसरी. पहिल्या तऱ्हेत डोके इतके शिणते की लांबलेल्या खटल्यात दोन दुभाषे बसवतात आणि साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलतात.

शपथ घेऊन हे काम करावे लागते आणि नियम कडक आहेत. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचे. 'तो म्हणतो की' असे चालत नाही. स्वतःविषयी काही सांगायचे असेल तर 'दुभाष्याची विनंती आहे' असे म्हणायचे. त्या खोलीत 'मी' हा शब्द त्याचा स्वतःचा राहत नाही! साक्षीदाराने शिवी दिली तर शिवीच सांगायची. तो अडखळला, अर्धवट बोलला तर वाक्य नीट करून द्यायचे नाही. कणव आली म्हणून एक शब्द वाढवायचा नाही, राग आला म्हणून गाळायचा नाही. स्वतःच्या भाषांतरात चूक आढळली तर तिथल्या तिथे न्यायाधीशांना सांगायची.

इतका काटेकोरपणा कशासाठी? कारण कोर्टाच्या कागदावर सहसा इंग्रजीच उतरते. साक्षीदाराची मूळ स्पॅनिश हवेत विरून जाते आणि अपिलात वाचले जातात ते दुभाष्याचे शब्द. १९९१ सालच्या हर्नांडेझ खटल्यात तर स्पॅनिश जाणणारे काही लोक ज्युरीतून वगळले गेले. दुभाष्याचे सोडून ते मूळ साक्षच ऐकतील, अशी सरकारी वकिलाने शंका घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते वगळणे चालवून घेतले.

आणि शब्द किती फसवे! 'ग्वाग्वा' म्हणजे क्यूबात बस, तर चिलीत तान्हे मूल. स्पॅनिशमध्ये कर्ता गाळून बोलतात, इंग्रजीत 'तो' की 'ती' हे सांगावेच लागते. संशय आला तर दुभाष्याने अंदाज बांधायचा नाही, परवानगी घेऊन विचारायचे.

याच्याही तळाशी एक वर्ग आहे. मेक्सिको-ग्वाटेमालातल्या मूळ रहिवाशांच्या भाषा निराळ्या आहेत, पण 'तिकडचा आहे म्हणजे स्पॅनिश येणारच' असे धरले जाते. ऑरेगॉन राज्यात १९८६ साली मिस्तेको भाषा बोलणाऱ्या एका शेतमजुराला खुनासाठी शिक्षा झाली. खटल्यात दुभाष्या होता तो स्पॅनिशचा. १९९१ साली तो मजूर सुटला, पण मधली वर्षे तुरुंगात गेली. असे लोक साहेबासमोर प्रत्येक प्रश्नाला 'सी' म्हणजे 'होय' म्हणत मान डोलावतात. अशा वेळी खरा दुभाष्या तोच, जो आपला रोज बुडाला तरी न्यायाधीशांना सांगतो की याची भाषा स्पॅनिश नाही, याच्या भाषेचा माणूस बोलवा. मग दोन दुभाषे लागतात, एक मिस्तेकोतून स्पॅनिशमध्ये आणणारा आणि दुसरा स्पॅनिशमधून इंग्रजीत.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जण वस्तीतल्या म्हातारीचा अर्ज लिहून देतात, शेजाऱ्याची तक्रार साहेबापुढे मांडतात. ते करताना हे नियम आठवावेत. म्हणणे तिचे असू द्यावे, आपले घुसडू नये. लिहून झाले की ते तिला वाचून दाखवावे. आणि ती 'होय' म्हणाली तरी तिला खरोखर समजले का, हे एकदा विचारावे.