आमचा विदेशी मोह

जावई सांभाळणं कठीण, हे आमच्या वडिलांनी मला सांगून ठेवलं होतं. पण जावयाने आणलेली बाटली सांभाळणं त्याहून कठीण, हे सांगायला ते राहिले नाहीत. गेल्या दिवाळीत ते माझं मला कळलं.

आमचे जावईबापू पुण्याला एका कंपनीत आहेत. कंपनी नेमकं काय करते हे त्यांनी मला तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा मी "वा!" म्हणालो. त्या कंपनीने त्यांना ब्रसेल्सला पाठवलं. येताना त्यांनी सासूबाईंना चॉकलेटं आणली आणि सासऱ्याला एक बुटकी, हिरवी बाटली. तिला शँपेनसारखं बूच, बुचावर तारेची मुंडावळ. नवरदेव उभा करावा तशी त्यांनी ती टेबलावर उभी केली आणि म्हणाले, "बाबा, ही साधी बिअर नाही. क्रीक आहे."

बाहेर नंदुरबारच्या मिरच्यांचा हंगाम सुरू झालेला. खिडकी उघडी ठेवावी तर ठसका लागतो, बंद करावी तर जावईबापूंचं व्याख्यान कोंडतं. मी खिडकी बंद केली.

व्याख्यानाचा सारांश असा. ब्रसेल्स आणि त्याच्या आसपासच्या सेन नदीच्या खोऱ्यात लांबिक नावाची बिअर करतात. गव्हाचा आणि जवाच्या मोडांचा काढा करायचा, उकळायचा आणि थंडीच्या दिवसांत रात्रभर माळ्यावरच्या उथळ, पसरट भांड्यात उघडा ठेवायचा. हवेतली रानटी यीस्ट न बोलावता येऊन त्यात पडतात. आपल्याकडे लग्नाला येतात तशी. मग तो काढा ओक लाकडाच्या पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं पडून राहतो. त्यात आंबट चेरी टाकल्या की महिनोन् महिने मुरून क्रीक तयार होते. कँटिलन नावाची एक ब्रुअरी तर 1900 सालापासून हा उद्योग करते आहे आणि तिथली कोळिष्टकं कुणी काढत नाही. फळांवर येणाऱ्या माश्या कोळी खातात म्हणून.

"बघा!" मी सौ.कडे पाहिलं.

"काय बघा? त्या कोळ्यांना कामं तरी आहेत," ती म्हणाली.

बूच उडालं. लाल रंग, गुलाबी फेस. मी पेला तोंडाला लावणार तोच जावईबापूंनी हात धरला. "आधी वास घ्या, बाबा. लगेच प्यायचं नसतं." मी वास घेतला. "काय आठवतं?" आता जावयाने विचारलं म्हणजे काहीतरी आठवलंच पाहिजे. मी भीत भीत खरं ते सांगितलं, "घोडा."

जावईबापूंनी मला मिठीच मारली! जाणकार या वासाला घोड्याच्या झुलीचीच उपमा देतात म्हणे. माझ्या नाकाचं असं कौतुक जन्मात झालं नव्हतं. आता आमच्या जिल्ह्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे हा वास तापीच्या काठी फुकट मिळतो. मग घोट घेतला. आंबट! धडगावच्या आमचुराचं पाणी घोड्याच्या खोगिरातून गाळून घेतलं तर साधारण तशी चव यावी. तिसऱ्या घोटाला मात्र खोटं कशाला बोलू, जीभ सरावली आणि मागून चेरीचा गोडवा आला. वस्तू वाईट नव्हती.

"आणि बाबा," जावईबापू म्हणाले, "2016 साली युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली आहे."

इथे माझा पेला हातातच राहिला. रानटी यीस्ट, आंबवण, वाट पाहणं, पिढीजात कृती... ही गोष्ट मी आधी कुठेतरी ऐकली होती. त्या वेळी तिला कुणी वारसा म्हटलं नव्हतं. गुन्हा म्हटलं होतं.

1984 साली मी धडगावला मास्तर म्हणून रुजू झालो. तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 ला. वर्गातल्या एका पोराने मला पाड्यावर घरी नेलं. त्याचे आजोबा पाड्याचे कारभारी. त्यांनी पळसाच्या पानाचा द्रोण आणला, आधी चार थेंब जमिनीवर पूर्वजांसाठी सांडले आणि मग तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी काय केलं असेल? मी नाक मुरडलं. "आम्ही घेत नाही," असं ज्या सुरात म्हणालो, त्या सुरात माझं घराणं, माझी डिग्री आणि माझा स्वच्छ शर्ट सगळं आलं. म्हातारा काही बोलला नाही. द्रोण खाली ठेवला आणि मला गूळ-पाणी दिलं. त्याच्या जागी जावईबापू असते तर निदान म्हणाले असते, "गुरुजी, आधी वास तर घ्या!"

त्या द्रोणात मोहाची होती. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची मांसल, पिवळट फुलं पहाटे झाडाखाली सांडतात. बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं वाळवतात, पाण्यात भिजवतात आणि चार-सहा दिवस आंबू देतात. तिथेही यीस्ट विकत आणावं लागत नाही. बेल्जियमचा काढा इथे थांबतो. आपला आंबलेला मोह पुढे चुलीवर चढतो आणि त्याची वाफ धरून गाळली जाते. तेव्हा एक बिअर आणि दुसरी दारू, हा फरक मान्य. मोहाची जास्त जहाल, हेही मान्य. पण हा फरक तर बिअर आणि व्हिस्कीतही आहे, आणि व्हिस्कीकडे पाहून नाक मुरडणारा ऑफिसर मला आजवर भेटलेला नाही.

वर्षभराने त्याच पाड्यावर, एका लग्नाच्या आदल्या दिवशी, धाड पडली. मी तिथेच होतो. अंगणात मडकी फुटली, देवाला दाखवायची आणि पाहुण्यांना द्यायची सगळी मातीत गेली. त्या पोराची आई खापऱ्या गोळा करत होती. मी काही बोललो नाही. नोकरी नवी होती. आणि खरं सांगायचं तर, बरंच झालं, असंही मला वाटलं. आज ते आठवलं की चेरीचा गोडवा येत नाही, नुसता आंबटपणा येतो.

तुम्ही म्हणाल, कायदा तो कायदा. अगदी बरोबर. पण हा कायदा कुठून आला तेही पाहा. इंग्रजांनी 1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा केला. मंडळींना आपल्या व्यसनाची चिंता लागली होती असं नव्हे. घरी गाळलेल्या दारूवर कर बसत नाही, हे त्यांचं दुःख होतं. 1892 साली तर ठाणे आणि कुलाब्यासाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा आला. फुलांचा! झाडाखाली पडलेलं फूल घरात साठवणं हा अपराध. इंग्रज गेले, 1949 चा दारूबंदी कायदा आला, पण फुलांवरचा संशय काही गेला नाही. राज्य सरकारने ती बंधनं उठवली 2021 साली. एका फुलाला निर्दोष सुटायला सव्वाशेच्या वर वर्षं लागली. आपल्या कोर्टांचं उगाच नाव खराब आहे.

आता यातली गंमत सांगतो. आमचा जिल्हा तीन राज्यांच्या नाक्यावर बसलेला. पश्चिमेला गुजरात, तिथे दारूबंदी. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेश. तिथे आदिवासींना घरगुती वापरापुरती सूट आहे आणि अलीकडे मोहाची 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरली जाते. दक्षिणेला गोवा दूर आहे, पण तिथे काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 साली राज्याने तिला वारसापेय म्हटलं. आणि आपला महाराष्ट्र? 2022 साली आपल्या मंत्रिमंडळाने काजूच्या बोंडांची आणि मोहाच्या फुलांची दारू 'देशी'तून उचलून 'विदेशी'च्या वर्गात बसवायचं ठरवलं.

पुन्हा वाचा. मोह विदेशी! सातपुड्यात उगवलेला, पहाटे वेचलेला, पूर्वजांच्या नावाने सांडलेला मोह विदेशी. का, तर आपल्याकडे चांगल्या वस्तूला दुसरा शब्दच नाही. बरं, हा मान कारखान्याच्या बाटलीला. पाड्यावरचं मडकं होतं तिथेच आहे, आणि फुटायचं तेव्हा फुटतं.

इथे कुणी तरी गंभीर चेहऱ्याने उठेल आणि विचारेल, "म्हणजे आदिवासींनी दारू प्यावी असं तुमचं म्हणणं आहे का? संसार धुळीला मिळतात त्याचं काय?" हा प्रश्न खरा आहे, आणि मी त्याची चेष्टा करणार नाही. पण तो प्रश्न आपण विचारण्याआधी त्यांनीच विचारला आहे. 1930च्या दशकात तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी आपल्या माणसांना दारू सोडायला सांगितलं आणि हजारोंनी ती सोडली. 1970च्या दशकात शहाद्याच्या भिल्ल बायांनी श्रमिक संघटनेच्या चळवळीत दारूचे अड्डे फोडले. तीही मडकीच होती. पण ती त्यांच्या नवऱ्यांची होती, मार त्यांच्या पाठीवर पडत होता, आणि फोडायचं की नाही हे त्यांनी ठरवलं होतं. मडकं फोडण्याचा अधिकार असलाच तर त्या बाईचा आहे. माझ्यासारख्या, आतून परवान्यावर पिणाऱ्या आणि बाहेरून नाक मुरडणाऱ्या मास्तरचा नाही. (विदेशी मद्याचा परवाना, बरं का, कायद्याच्या भाषेत प्रकृती राखण्यासाठी असतो. माझी प्रकृती उत्तम आहे.)

आणि हे माझं एकट्याचं खूळ नाही. 1996 चा पेसा कायदा तेच सांगतो: अनुसूचित क्षेत्रात दारू बंद करायची की तिचं नियमन करायचं, यात ग्रामसभेचं म्हणणं चाललं पाहिजे. अक्कलकुव्याच्या ग्रामसभेला बंद करायची असेल तर बंद करू दे, आणि मग तिथे बाटलीतलीही येऊ नये. अक्राणीच्या ग्रामसभेला देवापुरती, लग्नापुरती ठेवायची असेल तर ठेवू दे, आणि मग तिथे धाड येऊ नये. सेनच्या खोऱ्यातल्या माणसाला आपल्या पिंपाबद्दल मत असू शकतं, तर नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाईला आपल्या मडक्याबद्दल का नसावं?

असो. ती क्रीक अर्धी उरली होती. दुसऱ्या दिवशी सौ.ने तिने तांब्याचा बंब घासला. लखलखीत निघाला. युनेस्कोने याचीही नोंद घ्यायला हरकत नाही.

आखाजीला लेक माहेरी आली आणि चार दिवसांनी तिला न्यायला जावईबापू आले. त्याच आठवड्यात माझा तो धडगावचा विद्यार्थी (आता त्याचेही केस पिकलेत) पिशवीभर वाळलेली मोहाची फुलं देऊन गेला होता. या वेळी मी दोन्ही हातांनी घेतली. सौ.ने ती तव्यावर भाजून तिळाबरोबर कुटली आणि लाडू केले. जावईबापूंनी लाडू उचलला. मी हात धरला. "आधी वास घ्या. लगेच खायचं नसतं."

त्यांनी डोळे मिटून वास घेतला. एक घास खाल्ला. मग हळूच विचारलं, "बाबा, काय सुरेख आहे! इम्पोर्टेड दिसतंय?"

"हो," मी म्हणालो. "2022 सालापासून."