मेंदूचे नकाशे आणि दीपस्तंभाचे तेल

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘सार्वजनिक वस्तू’ ही संकल्पना शिकविताना दीपस्तंभाचे उदाहरण देण्याची जुनी प्रथा आहे. एका जहाजाने दीपस्तंभाचा प्रकाश वापरला म्हणून तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि वर्गणी न देणाऱ्या जहाजापुरता तो विझविताही येत नाही. तेव्हा असा दिवा बाजारपेठ लावणार नाही, तो शासनानेच लावला पाहिजे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली या उदाहरणाची झडती घेतली. इंग्लंडमधील अनेक दीपस्तंभ दीर्घकाळ खाजगी व्यक्तींनी चालविले आणि त्यांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून शुल्करूपाने वसूल होत असे, हे त्याने दाखवून दिले. त्याच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. परंतु दिवा सर्वांचा असला तरी त्यात तेल कोणाला तरी भरावेच लागते, याविषयी वाद होण्याचे कारण नाही.

हे आठवण्याचे निमित्त अर्थशास्त्राच्या परिघाबाहेरचे आहे. प्रस्तुत लेखक मेंदूविज्ञानाचा अभ्यासक नाही. तथापि आज जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या साधनांच्या आधारे मेंदूचा अभ्यास चालतो, त्यांपैकी पुष्कळशी साधने दीपस्तंभाच्या जातीची, म्हणजे सर्वांना विनामूल्य खुली आहेत. मेंदूचे अंकीय नकाशे आणि ते वाचणाऱ्या मुक्तस्रोत आज्ञावली ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. या दिव्यांच्या तेलाचा हिशेब मात्र फारच थोड्यांच्या ताळेबंदात आढळतो. त्या हिशेबाशी आपल्या विद्यापीठांचा, विद्यार्थ्यांचा आणि पर्यायाने आपल्या रुग्णांचाही संबंध आहे.

एका मेंदूपासून सरासरी मेंदूपर्यंत

मेंदूचा नकाशा ही कल्पना नवी नाही. कोर्बिनियन ब्रोडमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली पेशींच्या रचनेतील भेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मेंदूच्या बाह्यकाचे विभाग पाडले व त्यांना क्रमांक दिले. त्यातील सतरावे क्षेत्र दृष्टीचे. हे क्रमांक आजही वापरात आहेत. पुढे १९८८ साली तालेराक आणि तुर्नू यांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूतील प्रत्येक बिंदूला निर्देशकांच्या साहाय्याने पत्ता देण्याची सोय होती. जमिनीच्या वादात ‘ओढ्याकाठचा तुकडा’ एवढ्या वर्णनाने भागत नाही, गट क्रमांक आणि मोजणीचा नकाशा लागतो. तसाच हा प्रकार. या पद्धतीमुळे पॅरिसचा संशोधक आणि टोकियोचा संशोधक आपण मेंदूच्या एकाच ठिकाणाविषयी बोलत आहोत याची खात्री करून घेऊ लागले. पण हा सारा पत्ता-व्यवहार साठ वर्षांच्या एकाच स्त्रीच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूवर आधारलेला होता. एका माणसाच्या मापाने शिवलेला सदरा साऱ्या गावाला घालण्यासारखेच ते होते.

म्हणून पुढे अनेक मेंदूंची सरासरी काढण्याचा मार्ग अवलंबिला गेला. मॉन्ट्रियल येथील संस्थेने एमआरआयच्या चित्रांवरून मानवी मेंदूचे असे प्रमाण नमुने सिद्ध केले. अमेरिकेत सिएटल येथील ॲलन संस्थेने उंदराच्या मेंदूचा जो त्रिमितीय संदर्भ-नकाशा २०२० साली शोधनिबंधाद्वारे मांडला, तो १,६७५ उंदरांच्या मेंदूंच्या सरासरीतून तयार झालेला आहे. दुसरीकडे एकाच मेंदूचा अतिसूक्ष्म तपशील टिपण्याचेही प्रयत्न झाले. जर्मनीतील युलिश आणि कॅनडातील मॉन्ट्रियल येथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली ‘बिगब्रेन’ हा नकाशा जगापुढे ठेवला. पासष्ट वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूचे प्रत्येकी २० मायक्रॉन जाडीचे ७,४०४ छेद घेऊन ते संगणकावर पुन्हा जुळविण्यात आले. ही सामग्री संशोधकांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली, ही त्यातील विशेष गोष्ट.

नकाशा मिळाला, वाचायचा कसा?

येथे सामान्य वाचकाला वाटेल की नकाशे खुले झाले, आता अडचण ती काय? अडचण अशी की हे नकाशे छापील पुस्तकासारखे उघडून वाचता येत नाहीत. ते अंकांचे प्रचंड ढीग असतात. शिवाय प्रत्येक संस्थेने आपला ढीग आपल्या पद्धतीने रचलेला. एका नकाशात पहिला अंक मेंदूच्या पुढून मागे जाण्याचा, तर दुसऱ्यात तोच अंक डावीकडून उजवीकडे जाण्याचा. एकीकडे विभागांची नावे एका प्रकारच्या यादीत, तर दुसरीकडे निराळ्याच. परिणामी प्रत्येक प्रयोगशाळेला प्रत्येक नकाशासाठी स्वतःची आज्ञावली लिहावी लागे. ती लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेला, की ती आज्ञावलीही त्याच्याबरोबर गेल्यासारखीच.

या गोंधळावर उपाय म्हणून लंडन व म्युनिक येथील काही तरुण संशोधकांनी ‘ब्रेनग्लोब’ हा उपक्रम सुरू केला. उंदीर, घूस, झेब्रा मासा, माणूस अशा निरनिराळ्या मेंदूंचे निरनिराळ्या संस्थांनी केलेले नकाशे एकाच पद्धतीने वाचता येतील, अशी त्यांची आज्ञावली २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्या जोडीला इतर साधने आली. ‘ब्रेनरेज’ नावाची आज्ञावली प्रयोगातील मेंदूचे चित्र प्रमाण नकाशावर बसविते. प्रत्येक प्राण्याचा मेंदू आकाराने थोडाफार वेगळा असतो; तो ताणून, दाबून, फिरवून नकाशाशी जुळवावा लागतो. जुना मोजणी नकाशा आणि आजचे बांध यांचा मेळ भूमापक घालतो, त्यापैकीच हे काम, फक्त तीन मितींत. ‘सेलफाइंडर’ ही दुसरी आज्ञावली अशा चित्रांतील खुणा केलेल्या पेशी शोधून मोजते; मग कोणत्या विभागात किती पेशी आहेत याचा तक्ता मिळतो. पूर्वी हेच काम संशोधक छेदामागून छेद डोळ्यांनी पडताळून, छापील नकाशा शेजारी ठेवून करीत असत.

ही साधने मुक्तस्रोत आहेत, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ती फुकट मिळतात एवढाच तो अर्थ नव्हे. त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तीतील चूक दाखविता येते, ती दुरुस्त करून पुन्हा सर्वांना देता येते. विज्ञानात याचे महत्त्व सोयीपेक्षा अधिक आहे. आज्ञावलीने अमुक विभागात इतक्या पेशी आहेत असे सांगितले, तर ते कशावरून सांगितले हे तपासण्याचा अधिकार वाचणाऱ्याला असला पाहिजे. बंद पेटीतून निघालेल्या उत्तरावर विश्वास ठेवणे हे विज्ञान नव्हे.

यात आणखी एक खाचखळगा आहे. एमआरआयच्या चित्रांच्या संख्याशास्त्रीय पृथक्करणासाठी जगभर वापरली जाणारी ‘एसपीएम’ ही आज्ञावली १९९०च्या दशकापासून विनामूल्य आहे. परंतु तिचा वापर वर्षानुवर्षे ‘मॅटलॅब’ या विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीच्या आधारे होत आला. शिधा फुकट आणि भांडे भाड्याचे, अशी ही स्थिती. ब्रेनग्लोबची साधने पायथन या मुक्त संगणकभाषेत लिहिलेली आहेत. उंदराच्या मेंदूचा शंभर मायक्रॉन इतक्या ढोबळ तपशिलाचा नकाशा तिच्याद्वारे साध्या संगणकावरही उघडतो. म्हणजे तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो पाहता येईल. महागडा सूक्ष्मदर्शक नसलेल्या संस्थेला विज्ञानाच्या आघाडीवरची सामग्री हाताळता यावी, ही घटना लहान नाही.

या नकाशात आपण कोठे?

हा परदेशातील व्यवहार आपल्याला कशाला हवा, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर आपल्याच देशात मिळते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी २०१९ साली शंभर निरोगी भारतीयांच्या मेंदूंच्या एमआरआय चित्रांवरून भारतीय प्रमाण नमुना सिद्ध केला. पाश्चात्त्य नमुन्यांच्या तुलनेत भारतीय मेंदूची सरासरी उंची, रुंदी व आकारमान कमी असल्याचे त्यांना दिसून आले. याचा बुद्धीशी काही संबंध जोडणे हा शुद्ध अडाणीपणा ठरेल. परंतु रोगनिदानाशी त्याचा संबंध आहे. स्मृतिभ्रंशासारख्या विकारात मेंदू आकसतो. भारतीय रुग्णाचा मेंदू परक्या मापाशी ताडून पाहिला, तर मुळात निरोगी असलेला मेंदूही आकसलेला भासण्याचा धोका संभवतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनीही २०२० साली सहा ते साठ वर्षे वयाच्या भारतीयांसाठी वयोगटानुसार पाच प्रमाण नमुने मांडले. डिसेंबर २०२४ मध्ये मद्रास आयआयटीच्या मेंदू केंद्राने मानवी गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा नकाशा प्रसिद्ध केला. गर्भावस्थेच्या मधल्या तिमाहीतील मेंदूंचे ५,१३२ छेद त्यात अंकीय रूपात आहेत, आणि तो जगातील कोणाही संशोधकाला खुला आहे.

तात्पर्य, नकाशा घेणारे एवढीच आपली भूमिका उरलेली नाही. आपण नकाशा देणारेही झालो आहोत. नकाशे आपले आणि ते वाचण्याची साधने सर्वस्वी दुसऱ्याच्या मर्जीवर, ही स्थिती अशा वेळी शोभणारी नाही आणि सुरक्षितही नाही.

विनातिकीट प्रवासी

मुक्तस्रोत आज्ञावली एकदा लिहून झाली की काम संपले, असा गैरसमज सार्वत्रिक आहे. वास्तविक संगणकाची प्रणाली बदलते, पायथनची आवृत्ती बदलते, नवे नकाशे येतात, चुका सापडतात. वर्षभर कोणी लक्ष दिले नाही, तर चालती आज्ञावली अडू लागते. लंडनमधील ज्या सेन्सबरी वेलकम केंद्राशी ब्रेनग्लोबचा निकटचा संबंध आहे, त्याला गॅट्सबी आणि वेलकम या धर्मादाय न्यासांचा आधार आहे. असा आधार प्रत्येक उपक्रमाच्या वाट्याला येत नाही, आणि आलेला कायम राहील असेही नाही.

आधार नसला म्हणजे काय होते, याचा दाखला एप्रिल २०१४ मध्ये मिळाला. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त आज्ञावलीत एक गंभीर दोष उघडकीस आला. जगातील बँका व बलाढ्य कंपन्या ज्या आज्ञावलीवर विसंबून होत्या, तिला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर होत्या, हे तेव्हा लोकांना कळले. सारे जण विनातिकीट प्रवास करीत होते आणि रुळांची देखभाल करणारा कोणी नव्हता. त्यानंतर कंपन्यांनी वर्गणी काढली. जर्मनीच्या शासनाने तर २०२२ साली अशा मूलभूत मुक्त आज्ञावलींच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधीच उभारला.

आपल्याकडे काय चित्र आहे? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तीत ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना वाचावयास मिळावीत, असा तिचा हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे. लहान महाविद्यालयातील अध्यापकाला शोधनिबंध वाचता यावा, याला विरोध कोण करील? परंतु हा खर्च भाड्याचा आहे. मुदत संपली की पुन्हा भाडे. या रकमेच्या एक टक्का, म्हणजे साठ कोटी रुपये, मुक्त वैज्ञानिक आज्ञावलींच्या देखभालीस दिले, तर त्यातून निर्माण होणारी मत्ता आपली असेल आणि साऱ्या जगाचीही असेल. पाश्चात्त्यांच्या देणग्यांवर दिवा जळतोच आहे, आपण कशाला तेल घालावे, हा युक्तिवाद हिशेबी वाटतो. पण जो तेल घालत नाही, त्याला दिवा कोठे लावावा हे सांगण्याचा अधिकारही राहत नाही. भारतीय रुग्णांसाठी कोणता नमुना आधी जोडावा, हा निर्णय मग लंडन किंवा सिएटल येथेच होणार.

खुलेपणाला मर्यादाही आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ साली एमआरआय चित्रांवरून चेहरे उभारून त्यांतील ८३ टक्के व्यक्ती संगणकाकरवी ओळखून दाखविल्या. तेव्हा मेंदूची चित्रे देणाऱ्याची संमती आणि चित्रांतील चेहरा पुसण्याची दक्षता या गोष्टींवर तडजोड होता कामा नये. खुला असावा तो नकाशा आणि खुली असावी ती आज्ञावली. रुग्णाचे खाजगी आयुष्य नव्हे.

करण्याजोगे

तीन गोष्टी फारशा खर्चाशिवाय होऊ शकतील. पहिली, सार्वजनिक पैशातून संशोधनास अनुदान देताना, त्या संशोधनातून निर्माण होणारी वा त्यात वापरली जाणारी मुक्त आज्ञावली पुढील काही वर्षे जिवंत ठेवण्याचा खर्च मंजूर बाब मानावा. नव्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनला हा पायंडा पाडता येईल. दुसरी, अध्यापकांच्या पदोन्नतीचे गुण मोजताना शोधनिबंधांची संख्या पाहिली जाते. हजारो संशोधकांच्या उपयोगी पडणारी आज्ञावली सांभाळणाऱ्याला त्यात क्वचितच स्थान मिळते. ते मिळावे. तिसरी गोष्ट आमच्या महाविद्यालयांच्या हातची आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षी जो प्रकल्प करावा लागतो, तो पुष्कळदा परीक्षेनंतर रद्दीत जातो. त्याऐवजी अशा एखाद्या चालू आज्ञावलीतील एक चूक शोधून ती दुरुस्त करण्याचे, किंवा तिची माहितीपत्रिका सुबोध करण्याचे काम त्याला द्यावे. काम लहान असेल, पण ते तपासले जाईल, वापरले जाईल आणि त्याच्या नावावर नोंदले जाईल.

पुढच्या सत्रात दीपस्तंभाचे उदाहरण शिकविताना त्याच्या शेजारी मेंदूच्या नकाशाचेही उदाहरण देण्याचा प्रस्तुत लेखकाचा विचार आहे. हा दिवा कोणी लावला, हे विद्यार्थ्यांना सांगता येईल. त्यात आपण किती तेल घातले, असे त्यांनी विचारले, तर आज द्यावयास उत्तर नाही. ते देता येण्याजोगी तरतूद येत्या अंदाजपत्रकात व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.