परराष्ट्रधोरणाचा कौल आणि मतदार

युद्धाच्या छायेत निवडणूक आली की मतदारापुढे एक विलक्षण पेच उभा राहतो. रस्ते, पाणी, महागाई यांविषयी तो स्वानुभवाने बोलू शकतो. परंतु सीमेवर काय चालले आहे, शत्रूचे बळ किती आणि आपली सिद्धता किती, याविषयी त्याला सरकारने सांगितले तेवढेच कळते. आणि तरीही कौल मात्र त्यालाच द्यावयाचा असतो.

2024 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा युक्रेन आणि गाझा येथे युद्धे चालू होती. मुले-मुली तिकडे स्थायिक झालेल्या पुण्यातील अनेक घरांना ती निवडणूक परकी नव्हती. उमेदवारांपैकी कोण युद्ध थांबवील, हा प्रश्न तेथील प्रचारात वारंवार आला. त्या देशाला हा प्रश्न नवा नाही. 1916 मध्ये वुड्रो विल्सन यांनी देशाला युद्धापासून दूर ठेवले, या पुण्याईवर त्यांचा पक्ष मते मागत होता. ते निवडून आले आणि एप्रिल 1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. 1964 मध्ये गोल्डवॉटर यांच्या आक्रमक भाषेला बिचकून मतदारांनी लिंडन जॉन्सन यांच्या पदरात प्रचंड बहुमत टाकले; मार्च 1965 मध्ये जॉन्सन यांचेच लढाऊ सैनिक व्हिएतनामच्या किनाऱ्यावर उतरले. मतदार शांततेसाठी मत देतो आणि त्याच्या वाट्याला युद्ध येते, असे हे दोन दाखले आहेत.

भारतात अध्यक्षीय पद्धती नाही. येथे मतदार खासदार निवडतो आणि परराष्ट्रधोरण मंत्रिमंडळ ठरविते. तथापि हा प्रश्न जवळजवळ अमेरिकन पद्धतीने मतपेटीपुढे आला, अशी एक निवडणूक महाराष्ट्राने पाहिली आहे. ती म्हणजे फेब्रुवारी 1962 मधील उत्तर मुंबईची निवडणूक. एका बाजूला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन. दुसऱ्या बाजूला, बिहारमधील आपला मतदारसंघ सोडून मुद्दाम येथे उभे राहिलेले आचार्य कृपलानी. वादाचा विषय एकच होता, चीन. लोंगजू आणि कोंगका खिंड येथे 1959 मध्येच रक्त सांडले होते. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचे संसदेला कळून चुकले होते. एप्रिल 1961 मध्ये कृपलानींनी लोकसभेत संरक्षणखात्याच्या कारभारावर अत्यंत कठोर हल्ला चढविला होता. जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि प्रजासमाजवादी त्यांच्या पाठीशी होते, तर काँग्रेस उमेदवार मेनन यांच्यामागे कम्युनिस्टही उभे राहिले. मेनन यांचा पराभव हा आपल्याच धोरणाचा पराभव ठरेल, अशी भूमिका घेऊन पंडित नेहरू स्वतः प्रचारात उतरले.

मेनन यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते पडली. मतदार भोळा होता, असे त्यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबर 1961 मध्ये, गोवा मुक्त झाला होता आणि त्या वेळी संरक्षणखाते मेनन यांच्याकडे होते. विजय डोळ्यांसमोर होता. उणिवा मात्र कागदपत्रांत दडलेल्या होत्या. हिमालयातील ठाण्यांवर जवान सुती गणवेशात उभे आहेत, तेथवर पोहोचणारे रस्ते नाहीत, ही माहिती प्रचाराच्या सभांत कोण सांगणार? गोव्यातील यश हा हिमालयातील सिद्धतेचा पुरावा नव्हता. परंतु तसा तो मानला गेला.

त्याच निवडणुकीत पुण्यात काय घडले, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. 1955 मध्ये गोव्याच्या सत्याग्रहात पहिली तुकडी नेणारे आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहून आलेले ना. ग. गोरे 1957 मध्ये पुण्याचे खासदार झाले होते. गोवा मुक्त झाल्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत काँग्रेसच्या शंकरराव मोरे यांनी त्यांचा पराभव केला. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न सुटला होता, समिती फुटली होती, वारे फिरले होते. गोव्यासाठी कारावास भोगणारा पडला आणि गोव्याच्या यशाचे श्रेय ज्याच्या खात्याकडे गेले तो जिंकला. परराष्ट्रधोरणाचे यशापयश मतपेटी कसे वाटते, याचे यापरते बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पुढला इतिहास सर्वज्ञात आहे. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चिनी सैन्याने मोठे आक्रमण केले आणि आठ महिन्यांपूर्वीचा तो कौल पालापाचोळ्यासारखा उडून गेला. मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. मेनन यांना दूर करणारा मतदार नव्हता. त्यांच्याच पक्षातील खासदारांचा रेटा होता. युद्ध ऐन भरात असताना, 8 नोव्हेंबर रोजी, संसदेचे अधिवेशन सुरू झाले आणि विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. त्यामुळे देशाची एकजूट भंगली नाही. उलट 14 नोव्हेंबरचा आक्रमणविरोधी ठराव त्याच सभागृहाने केला. युद्धकाळात प्रश्न विचारणे म्हणजे शत्रूला साहाय्य करणे, असे आज ज्यांना वाटते त्यांनी तो आठवडा आठवावा.

मतदाराचा हिशेब व्हावयास 1967 उजाडावे लागले. त्या वर्षी मेनन यांना काँग्रेसने उमेदवारी नाकारली आणि ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने उमेदवार दिला तो पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचा. पानशेतच्या पुरानंतर शहराच्या उभारणीसाठी झटलेले आणि 1962 मध्ये शिवाजीनगरने विधानसभेत पाठविलेले स. गो. बर्वे. त्यांच्या नावाचा चौक शिवाजीनगरात आजही आहे. बर्वे विजयी झाले. अल्पावधीतच त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनीही मेनन यांना हरविले. बर्वे यांची योग्यता वादातीत होती. परंतु त्या प्रचारात मेनन यांच्याविरुद्ध सर्वांत प्रभावी ठरलेला आक्षेप कोणता? ते बाहेरचे आहेत, हा. 1962 च्या पराभवाचा जाब विचारण्याची संधी आली, तेव्हा उमेदवाराची जन्मभूमी विचारली गेली.

या दोन निवडणुका एकत्र ठेवल्या म्हणजे निष्कर्ष टाळता येत नाही. मतपेटीने दोन्ही वेळा माणसाचा निवाडा केला. धोरणाचा एकदाही केला नाही. निवडणुकीतील विजय हा धोरणाच्या शहाणपणाचा दाखला नव्हे आणि पराभव ही धोरणाची चिकित्सा नव्हे. ती चिकित्सा दोन निवडणुकांच्या मधल्या काळात संसदेत, वृत्तपत्रांत, सभांत आणि वर्गांत व्हावी लागते. अध्यक्षीय पद्धतीत एकदा निवडलेला पुरुष चार वर्षे सहसा हलविता येत नाही. संसदीय पद्धतीत मंत्र्याला आठ महिन्यांतही घरी पाठविता येते, हे 1962 ने दाखविले. हे शस्त्र एकजुटीच्या नावाखाली स्वखुशीने म्यान करणे, ही देशसेवा नव्हे.

अर्थात चिकित्सेला माहिती लागते. 1962 च्या अपयशाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने कधीच अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग 2014 मध्ये एका परदेशी पत्रकारामार्फत बाहेर आला. त्या हिवाळ्यात सामान्य स्त्रियांनी राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी अंगावरचे सोने उतरवून दिले होते. त्यांतील बहुतेकींची आयुष्ये सरली. आपण ज्यासाठी सोने दिले ते युद्ध का हरले, हे सरकारच्या तोंडून त्यांना कधी ऐकावयास मिळाले नाही. सीमेच्या नावाने मत मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला, तो सत्तेवर असो वा नसो, मतदाराने प्रथम या कपाटाच्या किल्लीविषयी विचारावे. घोषणांवर टाळ्या वाजविण्यास त्यानंतरही पुष्कळ वेळ उरेल.