दमलेल्या पायांचा नेम

२८ मे २०१८ च्या रात्री ह्यूस्टन रॉकेट्सने सलग २७ थ्री-पॉइंटर चुकवले. एनबीएच्या वेस्टर्न कॉन्फरन्स अंतिम फेरीतला हा सातवा, निर्णायक सामना. समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स, आणि मध्यंतराला रॉकेट्स चक्क ११ गुणांनी पुढे. शेवटी हरले १०१-९२. लांबून ४४ फेकी, त्यांतल्या आत गेल्या ७. ट्रेव्हर अरिझाचे तर सगळे, म्हणजे १२ च्या १२ शॉट वाया गेले. नशीब फिरलं, असं म्हणून अनेकांनी विषय संपवला. मला ते पटत नाही. रॉकेट्सचा क्रिस पॉल मांडीच्या दुखापतीमुळे बाहेर होता आणि प्रशिक्षक माइक डी'अँटोनी मोजक्याच खेळाडूंना आलटूनपालटून उतरवत होते. नशीब होतंच, पण पायही होते.

बास्केटबॉलचा नेम मनगटात असतो, असं आपण समजतो. मनगट चेंडूला शेवटचं वळण देतं. जोर येतो पोटऱ्या आणि मांड्यांतून. पाय दमले की उडी थोडी खुजी होते, ती तूट खेळाडू खांद्याच्या झटक्यानं भरून काढायला जातो, कोपर बाहेर फाकतं आणि चेंडू सपाट निघतो. रिंगचा व्यास साधारण ४६ सेंटिमीटर, चेंडूचा २४. चेंडू ४५ अंशांत उतरला तर त्याच्या वाटेतून ते तोंड ३२ सेंटिमीटरचं भरतं. ३५ अंशांत उतरला तर जेमतेम २६. म्हणजे चुकायला उरले दोन सेंटिमीटर! तिसऱ्या क्वार्टरनंतर शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटू लागले, की प्रशिक्षकानं 'नीट बघून मार' असं ओरडण्यात अर्थ नसतो. खेळाडूला दिसतंय सगळं. त्याला बाकावर बसवा.

आणि आपला सराव कसा चालतो? सिमेंटच्या कोर्टवर पोरं आली की आधी ताज्या पायांनी निवांत शूटिंग, मग दोन बाजू पाडून खेळ, आणि सगळ्यात शेवटी पळणं. तेही बऱ्याचदा शिक्षा म्हणून. शॉट आणि दम यांची गाठच पडू द्यायची नाही, असा जणू नियम. सामन्यात मात्र २८ मीटरचं कोर्ट पळून आल्यावरच शॉट मारावा लागतो.

एनबीएतला नेमबाज रे ॲलन याचा एक सराव मला फार आवडतो. तो रिंगखालच्या भागात जमिनीवर आडवा व्हायचा, ताडकन उठायचा, उलट पावलांनी कोपऱ्यात धावायचा आणि पास घेऊन शॉट मारायचा. बघणाऱ्याला चक्रमपणा वाटावा. २०१३ च्या एनबीए अंतिम फेरीतल्या सहाव्या सामन्यात त्याच्या मायामी हीटविरुद्ध सॅन अँटोनियो स्पर्स ९५-९२ असे पुढे होते, विजेतेपद त्यांच्या दारात होतं. हीटच्या ख्रिस बॉशनं रिबाउंड घेतला, ३७ वर्षांचा ॲलन तसाच उलट पावलांनी कोपऱ्यात सरकला आणि ५.२ सेकंद उरले असताना त्यानं बरोबरी साधली. हीटनं तो सामना जादा वेळेत जिंकला, मग सातवाही.

आपल्याला एवढं नाट्य नको. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा धावा आणि लगेच दोन फ्री थ्रो मारा, पुन्हा धावा. आंतरराष्ट्रीय नियमांत फ्री थ्रोसाठी ५ सेकंद मिळतात. तेवढ्यात एक लांब उच्छ्वास, गुडघे नेहमीपेक्षा जरा जास्त वाकवणं आणि मग शॉट, हेही धापा टाकतानाच शिकावं लागतं. पण मात्रा सांभाळा. उडी पार मेली, कोपर फाकलं की थांबायचं, नाहीतर चुकीचा शॉटच अंगवळणी पडतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तर या वाटेला नेऊच नये. दहा फुटांवरची रिंग त्यांना ताज्या पायांनीही जड जाते. दमल्यावर ती कमरेतून चेंडू भिरकावतात आणि ती सवय सुटता सुटत नाही.

थोरल्यांच्या संघनिवडीत मात्र प्रत्येकाचे ताजे आणि दमलेले शॉट वेगळे मोजा. सकाळी ताज्या पायांवर घेतलेल्या निवड चाचणीत अव्वल ठरलेला नेमबाज शेवटच्या दोन मिनिटांत तिसऱ्या क्रमांकाचा असू शकतो, आणि शेवटचा शॉट कुणी घ्यायचा हे त्या दुसऱ्या यादीवरून ठरायला हवं.