हलगी दारात, शालजोडी मांडवात!

वाचकहो, दिवाळीची सुटी लागली की पुण्यनगरीत संस्कृतीला मोठा पूर येतो. बागा, मैदाने, नाट्यगृहे, सोसायट्यांची अंगणे, जेथे म्हणून चार खुर्च्या मावतील तेथे गाणे सुरू होते. पहाटे पाचला लोक अभ्यंगस्नान उरकून, नवी वस्त्रे लेवून, अत्तर लावून जमतात. दोन-अडीच तास गाणे ऐकतात, फराळ करतात आणि उन्हे वर यायच्या आत घरी परततात. ह्याला 'दिवाळी पहाट' म्हणतात. त्याविषयी आमचे काहीच भांडण नाही. गाणे ऐकणारा माणूस न ऐकणाऱ्यापेक्षा बरा, असेच आम्ही म्हणू. आमचा प्रश्न निराळा आहे. शहरातल्या ह्या सुटीच्या उत्सवात शेतकरी-कारागीर समाजाच्या कलेची जागा कोठे आहे? गेल्या दिवाळीत मी ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो. ती दारात आहे. दाराच्या आत नाही.

घडले ते असे. शहरातल्या एका मंडळीचा आमच्या शाळेत निरोप आला की, 'आमच्या पहाटेच्या कार्यक्रमात ग्रामीण संस्कृतीचे दर्शन घडावे म्हणून तुमचे हलगी-लेझीमचे पथक पाठवा.' मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? मंडळीचे नाव येथे देत नाही, कारण नाव दिले की लोक त्या एका मंडळीवर तुटून पडतील आणि बाकीचे दहाजण हात झाडून मोकळे होतील.

मुले गोळा करू लागलो तो निम्मा वर्ग रिकामा. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि आईबापांच्या मागे पोरेही गाडीत चढतात. त्यांना सुटी कसली अन् दिवाळी कसली! उरलेल्यांतून बावीस मुलेमुली जमवली. हलगीला आमचे तात्या. वय सत्तरीकडे झुकलेले, पण मनगट अजून पोलादाचे. रात्री एक वाजता टेंपोत बसलो आणि चारच्या सुमारास पोचलो.

आता ज्यांनी हलगी जवळून पाहिली आहे त्यांना सांगायला नको, परंतु शहरवासीयांसाठी सांगतो. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेले शेळीचे कातडे. थंडीत, दवात ते ढिले पडते. ढिल्या हलगीवर काडी मारली तर पोत्यावर मारल्यासारखा आवाज निघतो. म्हणून वाजवणारा आधी चार काटक्या, थोडे पाचट पेटवतो, हलगी तापवतो, बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा तापवतो. ती 'बोलू' लागली म्हणजे मग उभा राहतो. गवई तंबोरा जुळवून घेतो ना? तसेच हे. आत रंगमंचावर त्या पहाटे तंबोरे जुळवायला अर्धा तास लागला, आणि तोवर सारे सभागृह अदबीने गप्प बसून राहिले. तात्यांनी मात्र फाटकाच्या कडेला दोन काटक्या पेटवल्या तोच पहारेकरी धावत आला. 'आग लावू नका, पाहुण्यांच्या मोटारी यायच्या आहेत.' मी व्यवस्थापकांना शोधून काढले. ते म्हणाले, 'मास्तर, असेच वाजवा हो, पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे.'

तात्यांनी ढिली हलगी वाजवली. पन्नास वर्षांत त्यांनी असे कधी केले नव्हते. पाहुणे मोटारीतून उतरत होते, मोबाइलवर आमच्या फेट्यांची छायाचित्रे काढत होते. एक सद्गृहस्थ आपल्या पत्नीस म्हणाले, 'पूर्वीची हलगी राहिली नाही आता.' तात्यांनी ते ऐकले. मीही ऐकले.

पुढे पाहा. मुले दवात थरथरत होती. मी विचारले, 'ह्यांना मागे उभे राहून गाणे ऐकता येईल का?' उत्तर मिळाले, पासधारकांनाच प्रवेश. ज्यांनी पाहुण्यांना वाजवीत-नाचत आत नेले त्यांना आत जायला पास नाही! आम्ही पदपथावर बसलो. ध्वनिक्षेपकावरून भाषण मात्र बाहेर स्पष्ट ऐकू येत होते. वक्ते मोठ्या कळवळ्याने सांगत होते की, आपल्या लोककला लोप पावत आहेत, त्यांचे जतन झाले पाहिजे. टाळ्या झाल्या. त्या वेळी लोककला भिंतीला टेकून चिवडा खात होती.

कार्यक्रमाची पत्रिका माझ्या हाती पडली. तीत गवयाचे नाव, तबलजीचे नाव, निवेदिकेचे नाव, ध्वनिव्यवस्थेवाल्याचे नाव, मिठाईच्या दुकानाचे नाव मोठ्या टायपात. आमच्यासाठी दोनच शब्द : 'ग्रामीण पथक'. गावाचे नाव नाही, तात्यांचे तर नाहीच. टेंपोचे भाडे आमचे आम्ही दिले. तात्यांना शेवटी एक श्रीफळ मिळाले. मराठीत नारळ देण्याचा अर्थ काय होतो ते त्या मंडळींस ठाऊक नसावे, असे मी मनाला समजावले.

हे मी चारचौघांत बोललो तेव्हा एक सुशिक्षित स्नेही म्हणाले, 'मास्तर, तुम्हाला जेथे तेथे जात दिसते. कलेला जात नसते.' बरे तर. मग पठ्ठे बापूरावांचे उदाहरण घ्या. जन्माने कुलकर्णी, रेठऱ्याचे. लावणीच्या ओढीने घरदार सोडून तमाशात गेले, पवळाबाईंबरोबर फड गाजवला. त्यांच्या वाट्याला काय आले? भाऊबंदांनी टाकले, आणि १९४५ साली ते पुण्यात दारिद्र्यात वारले. म्हणजे कुळ उंच असले तरी कला खालच्यांची म्हटल्यावर तिच्याबरोबर माणूसही दारात! आणि विठाबाई नारायणगावकरांचे काय? १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. शेवटची वर्षे हलाखीत काढून २००२ साली त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. जिवंतपणी औषधपाणी नाही आणि मागाहून गौरव, ही रीत आपण कोठून शिकलो?

कोणी म्हणेल, लावणीला पुण्यात चांगली गर्दी होते, नाट्यगृहाचे दार तिला बंद नाही. खरे आहे. तिकिटाचा गल्ला भरतो तेव्हा लावणी चालते. परंतु जेथे मान वाटायचा असतो, जेथे सहकुटुंब सकाळी जायचे असते, तेथे तिची आठवण होत नाही. गल्ल्याला लावणी आणि सणाला राग-रागिणी, अशी ही वाटणी आहे.

पुण्यातली ही गोष्ट आजची नव्हे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एका अडाणी कुणबी जोडप्याला जोशी कसा नाडतो ते दाखवले होते. दक्षिणा प्राइज कमिटीकडे ते दिले, कमिटीने नाकारले. कुणब्याला रंगमंचाचे दार तेव्हाच लागले! म्हणून आपल्या लोकांनी दाराशी रडत बसायचे सोडून स्वतःचा रंगमंच उभा केला. १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला. १८७७ साली भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' पत्र काढले. ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्यांनी तमाशाचेच अंग घेऊन जलसा उभारला. गण, गवळण, बतावणी सारे ठेवले, पण आत सावकाराचा हिशेब, लग्नातली उधळपट्टी, मुलीची शाळा हे विषय घातले. पुढे नाशिकचे भीमराव कर्डक आंबेडकरी जलसा घेऊन वस्तीवस्तीत फिरले. १९२० नंतरच्या वर्षांत ह्याच पुण्यात गणेशोत्सवाच्या दिवसांत जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने शहर दणाणून सोडले. पास नव्हता, पत्रिका नव्हती. रस्ता हाच मांडव होता. त्यातली सगळीच भाषा आज जशीच्या तशी वापरावी असे मी म्हणत नाही. पण सुटीचा सण हा आपलाही आहे, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.

आणि नवल पाहा. भालेकरांचे ते भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर. त्याच बाजूला महापालिकेने बांधलेले बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभे आहे. ते कोणा शेटजीच्या खिशातून उभे राहिलेले नाही. नगरपालिकेचा पैसा म्हणजे हमालाचा, रिक्षावाल्याचा, भांडीवालीचाही पैसा. त्यातला बहुतेक गावाकडून आलेला माणूस. सणासुदीच्या दिवसांत सार्वजनिक नाट्यगृहाची एक तारीख तमाशाच्या फडाला, एक वाघ्यामुरळी-गोंधळ्यांना, एक शाहिरांना राखून ठेवणे अशक्य आहे काय? दसऱ्याला फडांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीला ते तयारीतच असतात. २०२० आणि २०२१ ह्या दोन सालांत महामारीने जत्रा बंद पडल्या, तेव्हा ह्याच फडवाल्यांनी कर्ज काढून माणसे जगवली. त्यांना सहानुभूती नको, तारीख हवी.

पाडव्याच्या दिवसाची तर मला फारच गंमत वाटते. बलिप्रतिपदा म्हणजे बळीराजाचा दिवस. आमच्या घराघरांतून त्या दिवशी बायका ओवाळताना त्याचे राज्य मागतात. शहराच्या पहाटेत त्या दिवशीही गाणे होते, आणि शेतकऱ्यांच्या त्या राजाचे नाव मला तरी तेथे ऐकू आले नाही.

आता, बांधवहो, थोडे आपल्याकडे वळतो. येथवर वाचून ज्यांना बरे वाटले त्यांनी हेही वाचावे. आपल्या जत्रेत काय चालते? लाख लाख रुपये मोजून डीजेच्या भिंती आणतो, म्हाताऱ्यांची छाती धडधडेल असा आवाज करतो, आणि हलगीवाल्याला वाजवून झाले की एखादा शिधा नाहीतर बाटली. मी स्वतः कुणब्याच्या घरातला. माझ्या लग्नात हलगी वाजली होती. वाजवणारे कोठल्या पंगतीला जेवले, हे मला आठवत नाही. आठवत नाही, ह्यातच सगळे आले. पुढे मी अध्यापक विद्यालयात शिकलो. तेथे संगीताच्या तासाला पेटी होती, टाळ होते. हलगी कधी पाहिली नाही, आणि ती का नाही असे मीही विचारले नाही. तेव्हा शहराच्या फाटकाबद्दल बोलायचे तर आपल्या वेशीबद्दलही बोलले पाहिजे.

तात्यांचा मुलगा कारखान्यात कामाला आहे. तो हलगीला हात लावीत नाही. एकदा मी त्याला गोड बोलून म्हटले, 'अरे, बापाची कला आहे, जतन कर.' तो म्हणाला, 'गुरुजी, तुमच्या दृष्टीने कला. आमच्यावर ती चाकरी होती. तुमच्या वरातीपुढे चालायची.' ह्यावर मला काही बोलता आले नाही. त्याचे चूक नाही. ज्या वाद्यामुळे बापाला उंबऱ्याबाहेर बसावे लागले ते वाद्य पोराने का उचलावे? 'लोककला लोप पावते' म्हणून भाषणे ठोकणाऱ्यांनी हा प्रश्न त्या पोराला एकदा विचारावा. गणपतीत शहरातली शिकलेली मुलेमुली ढोल-ताशा वाजवतात, त्यांच्या पथकाची नावे वर्तमानपत्रांत येतात, आईबाप कौतुकाने पाहतात. त्यांचे वादन चांगलेच असते. पण चामड्याचे वाद्य वाजवूनही माणसाला मान मिळू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले की नाही? मग तो तात्यांना का मिळू नये?

मी त्या मंडळीस दिवाळीनंतर पत्र लिहिले. फार मागितले नाही. वादकांची नावे गावासकट पत्रिकेत छापा. गवयाला जसा आधी ठरवून मोबदला देता तसा हलगीवाल्यालाही द्या. वादन दारात नको, रंगमंचावर पंधरा मिनिटे ठेवा. मुलांना मागच्या रांगेत का होईना, बसू द्या. आणि हलगी तापवायला मोकळी जागा द्या. वाटल्यास पाण्याची बादली आम्ही आणू. उत्तर आले. भाषा गोड होती. नावांचा विचार करू, वेळेची अडचण आहे, मोबदल्याची तरतूद नाही, आणि 'शक्य झाल्यास पुढील वर्षी मुलांची संख्या वाढवावी.'

ज्या ज्या शाळांना असे निरोप येतात त्या शिक्षकबंधूंस माझी विनंती आहे की, ह्या गोष्टी लेखी मिळाल्याखेरीज पोरांना मध्यरात्री टेंपोत घालू नका. आम्ही येत्या सुटीत आमच्याच गावी देवळापुढे पटांगणात रात्र धरायची ठरवली आहे. शेजारच्या गावचा गोंधळी येईल, सुताराचा पोरगा पोवाडा बसवतो आहे, वाजवणारे आणि ऐकणारे एकाच पंगतीला जेवतील. पंगतीवरून दोघातिघांनी कुरकुर केली. त्यांना न येण्याची मुभा आहे.

तात्यांना मी परवा विचारले, 'शहरवाले पुन्हा बोलावतील, तर जायचे का?' त्यांनी हलगी मांडीवर घेतली, टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, 'जाऊ की. पर शेकोटीला जागा देत असतील तर.'

— एक खेड्यातला मास्तर