खेळाडूंच्या घरचा ठेवा रद्दीत जाऊ देऊ नका

पुनर्विकासात घर रिकामं करायची वेळ आली की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. एखादीत आजोबांचा क्लबचा ब्लेझर सापडतो, कसरीनं चाळण केलेला. त्याखाली मुंबईच्या कांगा लीगमधल्या क्रिकेट सामन्यांची कात्रणं, राखाडी पुठ्ठ्यावर डकवलेला संघाचा फोटो, काळवंडलेले दोन-चार कप. नव्या फ्लॅटला माळा नसतो. मग कप भंगारात जातात आणि कागद रद्दीत. हे थांबवायला हवं, आणि ते आपणच थांबवू शकतो.

क्रिकेटपटू पालवणकर बंधूंचंच बघा. बाळू पालवणकरांनी 1911च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. पण पुण्यात याच गोलंदाजाला जातीमुळे पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळत असे. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल 1923 मध्ये धर्मवार संघांच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि 1948 मध्ये त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. पुढे इतिहासकार रामचंद्र गुहांनी या भावंडांची कहाणी जगापुढे मांडली, तेव्हा हे मराठी पुस्तक त्यांच्या फार उपयोगी पडलं. त्याची प्रत कुणी जपलीच नसती, तर आपल्या हाती नुसते धावफलक उरले असते.

खाशाबा जाधवांचं 1952चं हेलसिंकीचं कांस्यपदक म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्ती अकादमीचं सरकारी आश्वासन पुरं होईना, म्हणून 2017 मध्ये ते पदक लिलावात काढण्याची भाषा त्यांच्या कुटुंबाला करावी लागली. याची लाज आपल्या सगळ्यांना वाटायला हवी.

नुसतं देऊन टाकणं हाही उपाय नव्हे. हॉकीत तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेल्या बलबीरसिंग यांनी 1985 मध्ये नियोजित संग्रहालयासाठी आपली 36 पदकं, मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर आणि शंभरेक फोटो भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपवले. तो ठेवा गहाळ झाला. 2020 मध्ये ते गेले, तोवर त्यांना तो परत मिळाला नव्हता. म्हणून कुणालाही काही देण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, यादी करा, सहीशिक्क्याची पोच घ्या.

संग्राहकांनाही एक कळकळीची विनंती आहे. पदकाला गिऱ्हाईक मिळतं, पत्रांना कुणी विचारत नाही. पण ते पदक कुठल्या सामन्याचं, तिथवरचं भाडं कुणी भरलं, हे त्या पत्रांतच असतं. घेतलंत तर सगळं एकत्र घ्या, किंवा घरच्यांना सांभाळायला मदत करा.

सगळ्यात घाईचं काम मात्र माणसांचं आहे. संघाच्या फोटोत मागच्या रांगेत उभे असलेले कोण, हे आज घरातली एखादी आजीच सांगू शकते. तिच्याजवळ बसा, फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित करा, नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. लोकरी कपडे जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका.

क्लबांनो, तालमींनो, महाविद्यालयांच्या जिमखान्यांनो, एक कोरडं कपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. तुमच्या जुन्या खेळाडूंचे पत्ते शोधा आणि दिवाळीची आवराआवर सुरू होण्याआधी त्यांच्या घरी जा.